जशी घेतली तशी

सर्जेरावांना न्यूझीलंडहून परत येऊन तीन आठवडे झाले होते, आणि परदेशात गाडी भाड्याने कशी घ्यावी हे माहीत नाही असा माणूस तेवढ्यात खराडीत उरला नव्हता. दूधवाल्याला माहीत होतं, सोसायटीच्या वॉचमनला माहीत होतं. ज्या न्हाव्याने जन्मात पासपोर्ट पाहिला नव्हता त्यालासुद्धा, क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, हे तोंडपाठ झालं होतं. बरं, माणूस उगाच हवेत बोलणारा नव्हे. बापजाद्यांचं ज्वारीचं रान आयटी पार्कात गेलं तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले. सर्जेरावांनी गाड्या घेतल्या आणि त्याच पार्कातल्या कंपन्यांना भाड्याने लावल्या. वीस वर्षं त्या धंद्यात काढलेली. भाड्याच्या गाडीत कोण कोणाला कुठे गंडवतो, हे त्यांना नाही कळणार तर कोणाला?

तेव्हा एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांचं व्याख्यानच ठेवून टाकलं. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'परदेशात गाडी भाड्याने घेण्यापूर्वी'. आणि त्याखाली, 'चहा व्याख्यानानंतर मिळेल. आधी विचारू नये.'

"मंडळी," सर्जेराव म्हणाले, "तिकडचा गाडीवाला आपल्या तोंडाकडं बघत नाही, कागदाकडं बघतो. म्हणून कागद वाचा. कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, ते वाचा. दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर त्याचं नाव आधी घाला. टाकी भरून मिळाली असेल तर भरूनच परत द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी घेताना आणि देताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा. एकेक ओरखडा दिसला पाहिजे. जशी घेतली तशी दिली, एवढं दाखवता आलं की जगात कोणी आपलं वाकडं करू शकत नाही."

मग त्यांनी पडद्यावर स्वतःचे दोन व्हिडिओ लावले. पहिला गाडी घेतानाचा: पांढरी गाडी, चार दारं, मागची रिकामी सीट. दुसरा बारा दिवसांनी गाडी परत देतानाचा. त्या सकाळी ऑफिस उघडलेलं नव्हतं. तिथं तशीच पद्धत. गाडी आवारात लावायची, किल्ली भिंतीतल्या फटीत टाकायची आणि आपल्या वाटेने निघून जायचं, बघायला कोणी नसतं. तीच गाडी, तीच दारं, तीच सीट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर कपबश्यांचा आवाज यायला लागला होता.

"सर्जेराव, जरा मागं घ्या तो," मधल्या रांगेतून युसूफभाई म्हणाले.

युसूफभाई म्हणजे सर्जेरावांचे जुने दोस्त. कसबा पेठेत त्यांचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान, चाळीस वर्षांचं. मुलगी सुरय्या ऑकलंडला दिलेली, तिच्याकडे जायचं घाटत होतं, म्हणून वही-पेन घेऊन व्याख्यानाला आले होते. आता वही खुर्चीत ठेवून ते पडद्याजवळ गेले.

"इथं थांबवा. मागची सीट बघा, डावी बाजू."

"फाटलीय का?"

"फाटली नाही. दबलीय." युसूफभाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "आधीच्या व्हिडिओत फोम वर आहे. ह्यात ही शिलाई बघा, आत ओढली गेलीय. सीटवर वजन असलं की अशी ओढली जाते."

"अहो, रिकामी आहे सीट."

"ते मला पण दिसतंय," युसूफभाई म्हणाले.

लोक हसले. कोणीतरी मागून 'चहा' म्हणालं आणि सभा उठली. युसूफभाई मात्र चहा न घेता गेले.

घरी आल्यावर सर्जेरावांनी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, की शेवटच्या दिवशी मागच्या सीटवर तू पिशवी-बिशवी ठेवली होतीस का. शालूबाई गवार मोडत होत्या. "बॅगा डिकीत व्हत्या," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, मान वर न करता, "पेट्रोल भरताना तुम्ही खाली उतरला, तवा मी म्होरच्या कप्प्यात साखरंची डबी ठिवली."

"साखर? कशापायी?"

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत न्हाईत."

"अगं ते भांडं हाय का? गाडी हाय ती! मी इथं जगाला सांगतोय जशी घेतली तशी द्या, आणि तू त्यात साखर ठिवून आलीस?"

"चाकं लावली म्हनून काय झालं? बारा दिस त्यात बसलो, खाल्लं, डोळा लागला. बिचारीनं कुठं दगा दिला न्हाई. रिकामी कशी देऊ?"

आता ही रीत सर्जेरावांना नवी होती असं मुळीच नाही. शेजारणीकडून कालवणाची वाटी आली तर ती नुसती घासून परत जात नाही. चमचाभर साखर, दोन लिंबं, काहीतरी तिच्यात जातंच. मग शेजारीण तरी हात आखडता कसा घेईल? तीही काहीतरी धाडते. त्यांच्या आईची आणि शेजारच्या सोजरबाईची एक वाटी अशी वर्षानुवर्षं भिंतीवरून इकडून तिकडे फिरत होती. पण ते खराडी गाव असतानाचं. "काय बायका असतात एकेक," असं म्हणून सर्जेरावांनी विषय संपवला आणि पंख्याखाली आडवे झाले.

सोमवारी सकाळी ते नातीला शाळेत सोडायला निघाले. मुलगा श्याम आणि सून दोघंही साडेसातला कंपनीत जायचे, त्यामुळे मैनाला शाळेत पोचवणं हे सर्जेरावांचं काम. खरं सांगायचं तर दिवसभरातलं तेवढंच काम त्यांना मनापासून आवडायचं. सहा वर्षांची पोर, तोंडाला दमणं माहीत नाही, आणि आजोबांवर जीव. ती नेहमी ड्रायव्हरच्या मागे बसायची आणि दप्तर डावीकडे टाकायची. आज दप्तर मांडीवर होतं.

"दप्तर बाजूला ठेव की गं. पाय अवघडतील."

"तिथं जागा नाहीये, आजोबा."

सिग्नलला सर्जेरावांनी मागे वळून पाहिलं. डाव्या बाजूची सीट मधोमध खाली गेली होती. काठाची शिलाई आत ओढली गेली होती.

तिला शाळेत सोडून त्यांनी गाडी तडक कसबा पेठेकडे घेतली. गल्लीत गाडी शिरणार नव्हती. नदीकाठच्या रस्त्यावर लावून फोन केला, आणि युसूफभाई अवजारांची पिशवी घेऊन आले. त्यांनी सीट उसवली, फोम बाहेर काढला, दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबून पाहिला. चांगला होता. तरीही त्यांनी नवा बसवला, कव्हर ओढून शिवलं आणि सवयीने वरून हात फिरवला. तो हात त्यांनी एकदम काढून घेतला.

"काय झालं?"

"गार आहे," युसूफभाई म्हणाले. ऊन मी म्हणत होतं. गाडीच्या टपाला हात लावला तर भाजत होतं. त्यांनी हात शर्टाला पुसला, पिशवी आवरली. "सर्जेराव, राग मानू नका. ही गाडी आता माझ्याकडं आणू नका. हे फोमचं काम नाही."

संगमवाडीचा पूल ओलांडेपर्यंत नवी सीट दबलेली होती.

दुसरा एखादा असता तर देवऋष्याकडे गेला असता. सर्जेराव वजनकाट्यावर गेले. वाघोलीला खडीचे ट्रक तोलतात त्या काट्यावर त्यांनी गाडी चढवली, स्वतः खाली उतरले, डिकीतली स्टेपनी, पायाखालच्या चटया, सगळं काढून बाजूला ठेवलं. आरसी बुकात लिहिलेल्या वजनातून ते वजा केलं. काट्यावर वीस किलो जास्त आले. त्यांनी गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. पुन्हा वीसच.

"मालक, आत कोण बसलंय का?" काट्याच्या खिडकीतून माणसाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग असंल काट्याचं काहीतरी," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या ट्रकला हात केला.

मंगळवारी सर्जेरावांनी दुसरी गाडी काढली, कंपनीला लावलेल्यांपैकी. मैना उजव्या दाराने चढली, आणि सर्जेरावांनी दार लावायला हात घातला तशी म्हणाली, "थांबा ना आजोबा. अजून ते चढतंय."

"कोण चढतंय?"

"हे." तिने डावीकडे मान हलवली. 'हा बाक, हे झाड' म्हणावं इतक्या साध्या आवाजात. मग तिने वाकून पलीकडचा पट्टा ओढला आणि खटकन लावला. पट्टा सैल पडला नाही. हवेत, सीटपासून वीतभर पुढे, ताणून राहिला.

बुधवारी त्यांनी रिक्षा केली. रिक्षात मैना कडेला सरकून बसली, आणि उतरताना रिक्षावाला म्हणाला, "काका, आज एसी न लावता गार वाटतंय, नाही?"

भीती काय असते हे सर्जेरावांना गुरुवारी कळलं. शाळेतून येताना त्यांनी मैनाचा डावा हात धरला तर बोटं बर्फासारखी. "सारखा माझा हात धरून बसतं," ती म्हणाली. तिची काही तक्रार नव्हती. संध्याकाळी मनगट गार होतं. शुक्रवारी सकाळी कोपर. श्यामने रजा टाकून तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, नाडी पाहिली, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "पंख्याखाली झोपवू नका." पोरीने त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर ताट सारलं आणि उन्हात जाऊन बसली. सर्जेराव तिच्या शेजारी बसून तो हात दोन्ही हातांनी चोळत राहिले. कोपराच्या वरचं अंग ऊबदार होतं. ते किती वेळ तसं राहील, हे त्यांना कोण सांगणार होतं?

"आजोबा," मैना म्हणाली, "ते विचारतं, परत कधी द्यायचं?"

"काय परत द्यायचं, बाळा?"

"मला काय माहीत? तुम्ही आणलंय ना."

सर्जेराव उठले, आत गेले आणि मोबाइलवर त्या गाडी कंपनीचं ॲप उघडलं. न्यूझीलंडहून निघाल्यापासून ते त्यांनी उघडलं नव्हतं. बुकिंग अजून चालू दिसत होतं. 'दिवस अडतिसावा. आपल्याकडून परत येणे बाकी आहे.'

त्यांनी तिथल्या ऑफिसला फोन लावला. फोनवरची बाई फार गोड बोलली. गाडी केव्हाच मिळाली म्हणाली, त्यानंतर तीन गिऱ्हाइकांना दिलीसुद्धा. कॉम्प्युटरची चूक असेल, लक्ष देऊ नका. साखरेच्या डबीचं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, गाडीत काहीच नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा दारात शालूबाई उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"त्यांनी आपल्याला रिकाम्या हातानं धाडलं न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "मी दिलं, म्हनून त्यांनी दिलं. माझंच चुकलं वो." आणि भिंतीला टेकून रडायला लागल्या.

सर्जेरावांनी मोबाइल पुन्हा हातात घेतला. ॲपमध्ये खाली एक बटण होतं, 'परत द्या'. त्यांनी ते दाबलं. यादी आली. गाडी मोकळ्या आवारात लावा. टाकी पूर्ण भरा. आपल्या सर्व वस्तू काढून घ्या. किल्ली आत ठेवा. दारांना कुलूप लावू नका. थांबू नका.

बस्स. असला कागद वाचायचा आणि पाळायचा, हेच तर त्यांना आयुष्यभर येत होतं.

रविवारी दुपारी आयटी पार्कचं मागचं पार्किंग ओस असतं. मैनाला तिच्या आईजवळ ठेवून दोघं नवरा-बायको आपली घरचीच गाडी घेऊन तिथे गेले. टाकी काठोकाठ भरलेली. सर्जेरावांनी गाडीतून मैनाची पाण्याची बाटली काढली, खडूची पेटी काढली, सीटच्या फटीतली केसांची पिन काढली. पुढचा गणपतीही काढून खिशात घातला. मागची डावी सीट दबलेलीच होती. पट्टा ताणलेला होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

यादीत शेवटी एक प्रश्न होता. 'आपण गाडीत काही ठेवले आहे का?' हो. नाही.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराखालून वाटी काढली. साखर होती, वर एक सुपारी. "आता त्यांचं त्यांना परत चाललंय. रिकामं कसं धाडायचं?"

"तुझ्या एका डबीनं हे झालं!"

"झालं. पन आता न्हाई दिलं तर—"

"शालू, बास! आता नियमानं जाऊ दे. जसं आलं तसं."

"अहो, चिमूटभर. तुमच्या पाया पडते. आपल्या दारातनं आजवर कोन रिकामं गेलं न्हाई."

त्या दाराकडे निघाल्या. सर्जेरावांनी त्यांचं मनगट धरलं. वाटी सुटली. साखर तापलेल्या डांबरावर सांडली.

त्यांनी 'नाही' दाबलं.

किल्ली आत ठेवली. दार नुसतं लोटलं. दोघं मागे न पाहता फाटकापर्यंत चालत गेले आणि वॉचमनच्या शेडखाली बसले. एक तास.

आवाज काही झाला नाही.

मोबाइल थरथरला. 'परत मिळाले. जे कमी होते ते आम्ही परस्पर घेतले आहे. धन्यवाद.'

"काय कमी व्हतं?" शालूबाईंनी विचारलं.

"पेट्रोलचं असतं ते. सगळ्यांनाच तसं येतं," सर्जेराव म्हणाले, आणि उठून गाडीकडे जवळजवळ धावत गेले. मागची सीट वर आली होती. पट्टा आपल्या जागी गेला होता. त्यांनी हात ठेवला. सीट तापलेली होती, चांगली चटका बसेल इतकी. ते तिथेच दाराला धरून ओक्साबोक्शी रडले, आणि बासष्टाव्या वर्षी त्यांना त्याची लाज वाटली नाही.

घरी मैनाचा हात ऊबदार होता. तिने दोन भाकरी खाल्ल्या, टीव्हीसाठी भांडली, झोपेपर्यंत बडबडत होती. सून म्हणाली, "बघा, पंख्याचंच होतं."

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागे बसली. दप्तर तिने डावीकडे टाकलं. आरशातून सर्जेराव पुन्हा पुन्हा त्या डाव्या सीटकडे बघत होते. दप्तराखाली फोम जेवढा जायचा तेवढाच गेला होता. उजवीकडे, मैनाच्या खालच्या सीटकडे, बघायचं काही कारणच नव्हतं.

शाळेच्या फाटकापाशी ते उतरले, दार उघडलं. रोजच्यासारखी ती दाराच्या काठावर उभी राहिली.

"झेला, आजोबा!"

त्यांनी गुडघे वाकवले, पाय रोवले, हात पुढे केले. ती हसत उडी मारून त्यांच्या अंगावर आली. तिचे हात त्यांच्या गळ्यात पडले. ऊबदार होते. केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

सर्जेराव तसेच उभे राहिले. हातांना वजन असं काही लागलंच नव्हतं.

"सोडा ना, घंटा होईल," मैना कानाशी म्हणाली.

त्यांनी तिला सोडलं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, कारण रस्त्याने वारा सुटला होता.